लिंबूबागेतल्या दोन ओळी

मला राग लवकर येतो आणि तो लवकर जातोही. घरच्यांना हे ठाऊक आहे, वर्गातल्या पोरांनाही ठाऊक होतं. एक राग मात्र गेला नाही. तो पारोळ्याच्या अलीकडच्या एका गावात, लिंबूच्या बागेत आला. ज्याच्यावर काढायला हवा होता त्याच्यावर तेव्हा काढता आला नाही आणि उरलेला स्वतःवर काढायची हिंमत नव्हती, म्हणून तो तसाच राहिला. आज पेन्शनीत बसून तो कागदावर काढतेय.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी धुळ्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. पीएच.डी. झाली तर पुढची वाट मोकळी, नाहीतर जन्मभर पहिल्या वर्षाच्या मुलांना जास्वंदीचं फूल उभं चिरून दाखवायचं. विषय मी स्वतः निवडला होता. झाडाच्या खोडातून पाणी वर कसं चढतं आणि कधी चढायचं थांबतं, हा तो विषय. एसटीत शेजारी बसणाऱ्या एका बाईने मला विचारलं होतं, "त्यात शिकायचं काय? मुळं पितात, पानं खातात." मी हसले होते. तसं बघायला गेलं तर तिचं चूक नव्हतं.

खोडात केसाहून बारीक नळ्या असतात. त्यांतून पाणी खालून ढकललं जात नाही, वरून ओढलं जातं. पानांतून वाफ उडते, तिच्या मागचं पाणी वर खेचलं जातं आणि ही ओढ थेट मुळापर्यंत जाते. पाण्याचा जणू एक लांब दोर असतो. जमीन कोरडी होत गेली की तो ताणला जातो आणि फारच ताणला तर तुटतो. तुटला की नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी बंद पडते. थोड्या नळ्या गेल्या तर झाड निभावून नेतं. फार गेल्या तर मुळाशी अख्खी विहीर ओतली तरी थेंब वर जात नाही.

आता लिंबूवाले शेतकरी काय करतात, तर झाडाला मुद्दाम तहान लावतात. त्याला ताण देणं म्हणतात. मृग बहार, म्हणजे पावसाच्या तोंडावरचा फुलोरा, धरायचा असला की एप्रिलात पाणी तोडायचं. झाड सुकतं, पानं मुरडतात, काही गळतात. मग नेमक्या वेळी पाणी सोडलं की झाड घाबरल्यासारखं फुलून येतं. सगळी करामत त्या नेमक्या वेळेत असते. लवकर सोडलं तर नुसता पाला येतो. उशीर झाला तर झाड जातं. ही वेळ माझ्या विषयाच्या अगदी मधोमध बसत होती, म्हणून मी बाग शोधत होते, आणि नानांची बाग मिळाली.

नाना पन्नाशी ओलांडलेले होते. साठ झाडांची बाग, एक विहीर, घरात ते आणि त्यांची बायको, अक्का. मुली लग्न होऊन गेलेल्या. मी बिचकत बिचकत विचारलं की दोन ओळी, वीस झाडं, मला उन्हाळाभर तपासायला मिळतील का, अधूनमधून फांद्या कापाव्या लागतील.

"ले ना बाई," नाना म्हणाले. "वीस काय, पंचवीस झाडं ले."

मी म्हटलं, "तुम्ही मात्र या झाडांना नेहमीसारखाच ताण द्यायचा, नाना. माझ्यासाठी काही बदलायचं नाही."

"व्हय. तू सांगशी तसं करूत."

हे वाक्य मी ऐकलं आणि त्यातला आदर तेवढा उचलला. तू सांगशील तसं, असं माणूस पाहुण्याला म्हणतोच. त्यांनी ते शब्दशः म्हटलं होतं हे मला कळलं नाही. कळायला हवं होतं, कारण मी काही मुंबईहून आलेली नव्हते. माझ्या माहेरी अहिराणीच बोलतात. पण नानांशी मी मुद्दाम कॉलेजातलं मराठी बोलायचे, संशोधक वाटावं म्हणून. त्या शहाणपणाचाही मला आज संताप येतो.

पहिल्या दिवशी नानांनी मला त्यांची खूण सांगितली होती. दुपारी लिंबूचं पान मुरडतंच, त्याला किंमत द्यायची नाही. "सकायले पान उघडं दिखनं म्हंजे झाड जित्तं शे. सकायलेबी मुरडेल ऱ्हायनं का मंग पानी सोडानं." मी वहीत एका ओळीत टिपून घेतलं, 'शेतकऱ्याची पारंपरिक समजूत' अशा मथळ्याखाली. समजूत म्हणे. रात्रभरात झाडाचा दोर पुन्हा सैल होतो की नाही, हेच परदेशातले लोक लाखाची यंत्रं लावून पहाटे मोजत होते. नाना ते फुकट मोजत होते आणि मी त्याला समजूत म्हणत होते.

माझं यंत्र म्हणजे तरी काय होतं. सलाईनची बाटली, रबरी नळी, एक उंच लाकडी घोडा आणि सायकलचा पंप. बादलीतल्या पाण्यात बुडवून फांदी कापायची, नाहीतर कापतानाच हवा आत शिरते. तिचा वीतभर तुकडा नळीला जोडायचा आणि बाटलीतलं पाणी त्यातून किती झिरपतं ते मोजायचं. मग पंपाने दाब देऊन आतली हवा काढून टाकायची आणि पुन्हा मोजायचं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे बंद पडलेल्या नळ्या. हे सगळं मी नानांच्या गोठ्याच्या पडवीत मांडलं होतं. येणारा-जाणारा थांबून बघायचा. नाना त्यांना सांगायचे, बाई झाडाले सलाईन लावस, आणि त्यांच्या आवाजात चक्क अभिमान असायचा. डॉक्टर घरात असताना कुणी घरगुती काढा करत बसत नाही. हेही मला तेव्हा सुचलं नाही.

माझे मार्गदर्शक जळगावला होते. दर शनिवारी मी वही घेऊन त्यांच्याकडे जायचे. धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत गाडी दुपारी पोचायची. सर पंख्याखाली बसलेले असायचे. त्या बागेत ते एकदाही आले नाहीत. मी दोनदा बोलावलं. त्यांना ऊन सोसत नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी तीन वर्षं दर शनिवारी बघत होते, आणि हाकल्या जाणाऱ्या शेळ्यांत मीही होते.

मेच्या मध्यावर माझ्या आकड्यांनी उडी घेतली. तोवर निम्म्याच्या आत असलेल्या बंद नळ्या आठवड्यात निम्म्याच्या पुढे गेल्या. त्याच आठवड्यात एका सकाळी मी बागेत पोचले तर चाळीस झाडांखाली पाणी खेळत होतं. नानांनी ताण तोडला होता. फक्त माझ्या दोन ओळींच्या तोंडाशी पाटाला मातीचा बांध घातला होता, व्यवस्थित थापून. माझ्या झाडांची पानं सकाळच्या थंडाव्यातही मुरडलेली होती.

मी काय समजले ते लिहून टाकते, कारण तेच खरं लाजिरवाणं आहे. मला वाटलं, नाना माझ्या संशोधनाला मदत करताहेत. थोडा जास्त ताण मिळाला तर बाईचं काम चांगलं होईल, म्हणून त्यांनी माझ्या ओळी राखून ठेवल्या. त्यांची झाडं, त्यांचा अनुभव, त्यांना कळतंच की किती दिवस ताणायचं. मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले आणि बादली घेऊन कामाला लागले.

नाना पडवीत येऊन उभे राहिले. बराच वेळ नळीतून पडणारे थेंब बघत होते. मग म्हणाले, "काय म्हनस तुनं यंत्र?"

मी मान वर न करता म्हटलं, "काम चालू आहे, नाना."

आमच्याकडे मोठा माणूस शिकलेल्या पोरीला उलटून विचारत नाही. पाणी सोडू का, झाडं मरतील का, असं विचारणं म्हणजे तिच्यावर भरवसा नाही असं होतं. तो आडून एकदा विचारतो आणि मिळालेलं उत्तर पदरात बांधून घेतो. काम चालू आहे, याचा अर्थ नानांनी घेतला की यंत्र सांगतंय, झाडं अजून सोसतील. ते वळले आणि बैलांना वैरण टाकायला गेले.

त्या शनिवारी मी जळगावला गेले तेव्हा सरांना सरळ सांगितलं. नळ्या चारातल्या तीन बंद आहेत, आता पाणी दिलं नाही तर झाडं जातील, मी नानांना सांगते. सरांचा चेहरा खुलला. त्यांनी वही ओढून घेतली आणि आलेखाच्या कागदावर स्वतः पेन्सिलीने टिंब दिलं.

"शेतकऱ्याला काही बोलायचं नाही," ते म्हणाले. "हे टोक आपल्याला अजून कुठे मिळणार आहे? कुठल्या टप्प्यावर झाड परत येत नाही, हेच तर कुणी दाखवलेलं नाही."

"पण झाडं त्यांची आहेत, सर."

"मग देऊ दे त्यांना पाणी, त्यांना वाटेल तेव्हा. तू त्यांना नेहमीसारखं करा म्हणालीस ना? तू जन्मायच्या आधीपासून ते लिंबू लावताहेत. त्यांना कळत नाही आणि तुला कळतं, असं तुझं म्हणणं आहे का? आपण निरीक्षक. आपण मध्ये पडायचं नाही."

किती बिनतोड वाटलं मला ते. शेतकऱ्याच्या शहाणपणाचा मान राखायचा म्हणून गप्प बसायचं. एवढं सोयीचं तत्त्वज्ञान मला पुन्हा कधी कुणी दिलं नाही. परतीच्या गाडीत मी तेच स्वतःला ऐकवत राहिले. पारोळ्याचा थांबा आला तेव्हा उतरून गावात जाता आलं असतं. अर्ध्या तासाचं काम होतं. मी खिडकीशी बसून राहिले आणि धुळ्याला गेले. सरांना मी पुष्कळ शिव्या घातल्या आहेत, अजूनही घालते, पण त्या गाडीत ते नव्हते.

पुढचे नऊ दिवस मी तोंडात मिठाची गुळणी धरून काम केलं. रोज फांदी कापली, रोज थेंब मोजले. नाना रोज येऊन उभे राहायचे, माझ्याकडे बघायचे आणि जायचे. मी समजत होते की नाना ठरवतील. नाना समजत होते की बाई सांगेल. बाजूच्या चाळीस झाडांना बारीक पांढऱ्या कळ्या दिसू लागल्या होत्या, वास सुटला होता. माझ्या झाडांखाली पानांचा कोरडा थर होता आणि त्यावर पाय पडला की आवाज व्हायचा.

दहाव्या दिवशी एकामागून एक तीन फांद्या जोडल्या आणि नळीतून एकही थेंब पडला नाही. मी नळी तपासली, बाटली तपासली. सगळं ठीक होतं. सरांचं टोक आलं होतं. मी उठले आणि पळतच नानांकडे गेले.

"नाना, पाणी द्या. या ओळींना पाणी द्या."

नाना खाटेवरून उठले ते चप्पल न घालताच. मला वाटलं होतं ते म्हणतील, थांब, अजून दोन दिवस. ते तडक विहिरीकडे गेले. मोटर चालू केली, पाटाशी गेले, फावड्याने तो बांध फोडला आणि पाणी माझ्या दोन ओळींत शिरलं. एवढंच होतं. फावड्याचे चार घाव. नऊ दिवस जे काम एका वाक्यासाठी अडून होतं ते पाच मिनिटांत झालं, आणि त्या घाईवरून मला कळलं की ते इतके दिवस कशाची वाट बघत होते.

बैल गेला आणि झोपा केला. आठ दिवस ती झाडं ओल्या चिखलात उभी होती आणि सुकत होती. नाना एकेका झाडाशी बसून बुंध्याची साल नखाने खरवडून बघायचे. "बठ्ठा झाडं फुटनात," बाकीची सगळी फुटलेली झाडं दाखवत ते मला म्हणाले. "पानी तं सारखंच शे. ह्याच का बरं फुटत नही?"

मग मी त्यांना सांगितलं. नळ्या, हवा, दोर, सगळं, आणि या वेळी अहिराणीत सांगितलं. शास्त्र सांगायला ती भाषा पुरत नाही असं मी समजत होते, पण उत्तम पुरली. नाना ऐकत होते. त्यांना पहिल्या वाक्यातच समजलं असावं, कारण पुढे ते माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघत होते.

अक्का दाराशी उभ्या होत्या. त्या मला महिनाभर बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढत होत्या, माझ्याशी फार बोलत नसत. त्यांनी विचारलं, "तुले दिखी ऱ्हायनं व्हतं ना, बाई?"

"हो, अक्का."

"मंग?"

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मला बाहेरच्या परीक्षकांनी दोन तास प्रश्न विचारले आणि एकालाही मी अडले नाही. अक्कांच्या त्या एका शब्दाचं उत्तर मला तेव्हा आलं नाही आणि आजही येत नाही. त्या आत गेल्या आणि थोड्या वेळाने, रोजच्यासारखं, ताट वाढलं म्हणून हाक आली. मी जेवले. कशी जेवले ते मला विचारू नये.

वीसपैकी चौदा झाडं गेली. सहा बुडापासून फुटली, ती पुन्हा फळाला यायला कितीतरी वर्षं. नाना मला एक अक्षर वाकडं बोलले नाहीत, आणि मला वाटायचं यांनी बोलावं, फावडं आपटावं, माझी ती सलाईनची बाटली उचलून विहिरीत फेकावी. मी भरपाईचा विषय काढला तर त्यांनी हातानेच थांबवलं आणि म्हशीकडे गेले.

सर मात्र खूष होते. आलेखाची रेषा पूर्ण झाली होती. ती आधी सावकाश चढत जाते, मग एकदम उभी होते आणि टोकाला सपाट होते. परीक्षक म्हणाले, फार देखणी रेषा आहे. प्रबंधाच्या शेवटी ज्यांचे आभार मानायचे असतात तिथे मी लिहिलं होतं की या रेषेचा शेवटचा भाग एका शेतकऱ्याच्या चौदा झाडांनी काढला आहे, आणि ती मला वाचवता आली असती. सरांनी त्यावर लाल रेघ मारली. म्हणाले, इथे भावनेला जागा नसते. त्या दिवशी मी त्यांच्या टेबलावर वही आपटली. तो आवाज ऐकून शिपाई आत आला. सर हसले आणि म्हणाले, पदवी मिळू दे, मग भांड. पदवी मिळाली आणि मी भांडलेही नाही. प्रबंधावर सरांची सही झाल्यावर भांडायला कुठला जोर लागतो, आणि सही होण्याआधी माझ्यात तो नव्हता. कॉलेजने माझा सत्कार केला. हार घातला, नारळ दिला. फोटोत मी चिडलेली दिसते. सगळे म्हणाले, बाई थकल्या.

पुढच्या एप्रिलात मी नानांकडे गेले. जायचं धाडस व्हायला तेवढा वेळ लागला. मी मनाशी ठरवलं होतं की यंदा प्रबंध नाही, सर नाहीत. त्या चाळीस झाडांच्या फांद्या मी मोजीन, आणि ज्या दिवशी आकडा हलेल त्या दिवशी सकाळी नानांना तोंडाने सांगेन की पाणी सोडा. एवढं तरी माझ्या शिक्षणाचं त्यांना मिळावं. हे मी त्यांना सांगितलं, त्यांच्याच बोलीत, आणि बोलताना मला बरं वाटत होतं.

नानांनी चहा येऊ दिला. अक्कांनी कप ठेवला. नाना बशीत ओतून प्यायले, बशी खाली ठेवली, धोतराच्या सोग्याने मिशी पुसली.

"बाई, तू कव्हयबी ये," ते म्हणाले. "घर तुनंच शे. पन ताणना टाइमले बागमा येऊ नको."

मी म्हटलं, "नाना, या वेळी मी सांगेन."

"सांगशी, माले मालूम शे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते मला समजावत होते, लहान मुलाला विहिरीपासून लांब ठेवताना समजावतात तसं, स्वतःच्या डोळ्यांकडे बोट करून. "तू तठे उभी ऱ्हास ना, तं मनी नजर झाडवर ऱ्हात नही. तुना तोंडकडे जास."

मी बरं म्हटलं. त्या उन्हाळ्यात मी गेले नाही, आणि नानांनी सगळ्या झाडांचा ताण नेमक्या वेळेला तोडला.